लोकगीतात वीज आली ते तीन दिवस

बॉब डिलनच्या ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ या तबकडीच्या पहिल्या बाजूवरचं शेवटचं गाणं चुकीने सुरू होतं. डिलन गिटार छेडत पहिली ओळ उचलतो, दोन-चार शब्दांत अडखळतो आणि हसत सुटतो. त्याच्याबरोबर आणखी एक हसणं ऐकू येतं, मोठं आणि मोकळं. मग पुन्हा सुरुवात होते, आणि या खेपेला ड्रम, बास, पियानो, इलेक्ट्रिक गिटार असा सगळा ताफा त्याच्यासोबत गाण्यात उडी घेतो. फसलेली सुरुवात कापून टाकायची, हा ध्वनिमुद्रणातला जुना रिवाज. इथे ती जपून ठेवली आणि पक्क्या गाण्याच्या तोंडाशी जोडून विकली. तो दुसरा हसणारा म्हणजे या तबकडीचा निर्माता टॉम विल्सन.

२२ मार्च १९६५ रोजी कोलंबिया कंपनीने ही तबकडी बाजारात आणली तेव्हा डिलन चोवीस वर्षांचाही झाला नव्हता. ही त्याची पाचवी तबकडी. आधीच्या चारही तबकड्यांवर जवळपास सगळीकडे एक माणूस, एक साधी गिटार आणि गळ्यात अडकवलेला माऊथ ऑर्गन एवढाच संसार होता. पाचवीच्या पहिल्या बाजूवर सात गाणी वाद्यवृंदासह आणि दुसऱ्या बाजूवर चार गाणी जुन्या धाटणीची. ‘फोक रॉक’ म्हणून पुढे जो संगीतप्रकार जगभर रुजला, त्याचा उगम शोधणाऱ्याला या तबकडीपाशी थांबावंच लागतं.

पण लोकांना आठवतं ते दुसरंच. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात डिलन चामड्याचं जाकीट घालून, इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर आला आणि श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली, ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला पुराणकथेचा दर्जा मिळाला आहे. २०२४च्या ‘अ कम्प्लीट अननोन’ या चित्रपटाचा शेवटही तिथेच होतो. बंड, गर्दी, संताप असा सगळा मसाला त्यात आहे. मात्र मंचावर जे घडलं ते आधीच तयार झालेल्या मालाचं प्रदर्शन होतं. माल तयार झाला होता सहा महिने आधी, न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरच्या एका बंद खोलीत, तीन दिवसांत. आणि तो घडवणाऱ्यांत लोकसंगीताच्या चळवळीतली माणसं फारशी नव्हती. तासांच्या हिशेबाने पैसे घेणारे वादक होते आणि जॅझवर पोसलेला एक निर्माता होता.

आधी त्या चळवळीविषयी थोडं. अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस लोकगीतांची मोठी लाट आली. १९५८ साली किंग्स्टन ट्रायोचं ‘टॉम डूली’ तुफान चाललं, पुढच्याच वर्षी न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव सुरू झाला. अॅलन लोमॅक्स यांच्यासारखे संग्राहक कित्येक वर्षं खेडोपाडी, तुरुंगांत, कापसाच्या शेतांवर जाऊन गाणी टिपत आले होते. पीट सीगर कामगारांच्या सभांत आणि कॉलेजांत बँजो घेऊन गात होते. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातल्या कॉफीघरांत विशी-बाविशीची पोरं शंभर वर्षांपूर्वीची खाणकामगारांची गाणी तन्मयतेने म्हणत. या मंडळींच्या दृष्टीने रॉक अँड रोल म्हणजे बाजारू करमणूक, शाळकरी मुलांनी नाचायचा प्रकार. गिटार लाकडाची आणि बिनविजेची असणं हा जणू सचोटीचा दाखला होता.

डिलन जानेवारी १९६१मध्ये याच व्हिलेजात येऊन दाखल झाला. आजारी लोकगायक वुडी गथ्रीला भेटायचं आणि गथ्रीसारखं गायचं, एवढाच त्याचा ध्यास असल्याचं सगळे समजत. त्याने मागे ठेवलेली गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणीच्या गावात शाळेत असताना तो रॉक अँड रोलच्या बँडमध्ये पियानो बडवत असे आणि १९५९च्या शाळेच्या वार्षिकांकात त्याच्या नावापुढे महत्त्वाकांक्षा म्हणून लिटल रिचर्डच्या बँडमध्ये जाण्याचा मनोदय छापलेला आहे. डिसेंबर १९६२मध्ये त्याने ‘मिक्स्ड-अप कन्फ्युजन’ नावाची एक छोटी तबकडी बँडसह काढलीही होती. ती कुणी विकत घेतली नाही आणि प्रकरण तिथेच मिटलं. तेव्हा १९६५ साली डिलनने इलेक्ट्रिक गिटारशी नवी सोयरीक केली, हे म्हणणं फारसं खरं नाही. तो माहेरी परतत होता. तबकडीचं नावही सगळं घरी परत आणण्याविषयीच आहे.

आता टॉम विल्सन. टेक्सासमधल्या वेको गावी १९३१ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला आणि १९५५मध्ये केंब्रिजमध्ये त्याने ‘ट्रान्झिशन’ नावाची स्वतःची जॅझ कंपनी काढली. सेसिल टेलर आणि सन रा या दोघांच्या पहिल्यावहिल्या तबकड्या त्याने काढल्या. हे दोघे त्या काळी जॅझवाल्यांनाही कानाला जड जात, यावरून विल्सनच्या कानाची कल्पना यावी. कंपनी फार टिकली नाही. १९६३ साली तो कोलंबियात पगारी निर्माता म्हणून लागला. तिथे त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी तो एक.

डिलनचा आधीचा निर्माता जॉन हॅमंड आणि डिलनचा व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांचं पटेनासं झालं होतं. त्यामुळे ‘फ्रीव्हीलिन’ तबकडी अर्धीमुर्धी झालेली असताना विल्सनला तिथे बसवण्यात आलं. लोकसंगीत आपल्याला विशेष आवडत नसे, ते बेतास बात मंडळींचं काम वाटे, असं विल्सनने पुढे एका मुलाखतीत बिनधास्त सांगितलं आहे. डिलनचे शब्द कानी पडल्यावर मात्र तो चकित झाला. या गाणाऱ्याच्या पाठीशी बँड उभा केला तर काय होईल, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हाच शिरला.

बाहेरचं हवामानही बदललं. फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या अॅनिमल्स या बँडने ‘हाऊस ऑफ द रायझिंग सन’ हे जुनं अमेरिकन लोकगीत ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटारवर चढवलं आणि सप्टेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. डिलनने हेच गाणं आपल्या पहिल्या तबकडीवर एकट्याने गायलं होतं. डिसेंबर १९६४मध्ये विल्सनने एक उद्योग केला. डिलनची ती जुनी फीत काढून तिच्यावर भाड्याच्या वादकांकडून वाद्यं चढवून पाहिली. प्रयोग बेतासबात ठरला आणि कपाटात गेला. पण एक धडा मिळाला. आधी गाऊन ठेवलेल्या गाण्यावर मागाहून ठेका चढवणं कठीण, कारण एकटा गाणारा लयीशी वाटेल ती मोकळीक घेतो. वादक त्याच्या सोबतच बसवायला हवेत.

ही लयीची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी, कारण फोक रॉकची सगळी गंमत तिच्यात आहे. एकटा गाणारा डिलन ओळ संपली की श्वास घेण्यापुरती गिटार चालू ठेवायचा, कधी दोन मात्रा, कधी सहा. शब्द जास्त झाले तर ओळ लांबायची. ऐकणाऱ्याला ते खटकत नसे, कारण बोलण्याचा ओघ तसाच असतो. पण पाच वादक एकत्र वाजवू लागले की असं चालत नाही. सुरावट कोणत्या ठोक्याला बदलायची हे सगळ्यांना आधी माहीत हवं. विल्सनने वादकांना स्वरलिपी दिली नाही, फार तालीमही घेतली नाही. डिलन गाणं एकदा गुणगुणून दाखवायचा आणि फीत सुरू व्हायची. बाकीच्यांनी त्याच्या हाताकडे आणि ओठांकडे बघत मागोमाग यायचं. ‘मॅगीज फार्म’ तर एका दमात पार पडलं. ऐकताना जाणवतं की वादक क्षणभर मागे आहेत, गाणारा पुढे धावतो आहे आणि ते त्याला गाठत आहेत. त्या तबकडीतला उत्साह बराचसा या पाठलागातून आला आहे. घोटून पाठ केलेल्या गाण्यात तो सापडला नसता.

१३ जानेवारी १९६५ला काम सुरू झालं. पहिला दिवस डिलनने जवळजवळ एकट्याने गाऊन काढला. खरा धडाका दुसऱ्या दिवशी उडाला. कोलंबियाच्या ‘स्टुडिओ ए’मध्ये तीन गिटारवाले, पियानोवर पॉल ग्रिफिन, बासवर जोसेफ माचो आणि बिल ली, ड्रमवर बॉबी ग्रेग अशी मंडळी जमली. चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली हे या बिल लींचे चिरंजीव. सुमारे साडेतीन तासांत पाच गाणी झाली. तिसऱ्या दिवशी उरलेली सहा. अकरा गाण्यांची तबकडी हातात.

या वादकांत ब्रूस लँगहॉर्नवर थोडं रेंगाळावंसं वाटतं. लहानपणी व्हायोलिन शिकणाऱ्या या मुलाच्या उजव्या हाताची काही बोटं एका स्फोटात गेली. व्हायोलिन सुटलं, आणि उरलेल्या बोटांनी त्याने गिटारची स्वतःची पद्धत बसवली. जोरात झणकारण्याऐवजी तो गाणाऱ्याच्या ओळीला एक-दोन नाजूक सुरांनी उत्तर द्यायचा. व्हिलेजात तो बारीक घुंगरं अडकवलेला एक भलामोठा तुर्की डफ घेऊन फिरे. त्या डफावरून ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ सुचलं, असं डिलनने स्वतः सांगितलं आहे. तबकडीच्या दुसऱ्या, म्हणजे ‘शुद्ध’ बाजूवर याच गाण्यात लँगहॉर्नची इलेक्ट्रिक गिटार हलकेच वाजते आहे. पुढे ज्यांनी ‘गद्दार’ म्हणून आरडाओरडा केला, त्यांना ही बाजू बिनविजेची वाटत होती.

गाण्यांची मुळं पाहिली तर गद्दारीचा आरोप आणखीच लंगडा पडतो. ‘मॅगीज फार्म’चा सांगाडा ‘डाऊन ऑन पेनीज फार्म’ या कुळांच्या पिळवणुकीवरच्या गाण्याचा आहे. ते १९२९ साली बेंटली बॉईज या जोडीने गायलं होतं आणि हॅरी स्मिथने १९५२मध्ये संपादित केलेल्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहामुळे व्हिलेजातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. जुन्या गाण्यात शेताचा मालक होता. डिलनच्या गाण्यात मॅगीचा भाऊ, तिचा बाप, तिची आई अशी सगळी फौज नोकराच्या मानगुटीवर बसते आणि नोकर राजीनामा देतो. ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’मध्ये चक बेरीच्या ‘टू मच मंकी बिझनेस’ची धाव आहे, तर यमकांचा मारा गथ्री आणि सीगर यांच्या एका जुन्या गाण्याकडून आला आहे. म्हणजे एकाच गाण्यात रॉक अँड रोलचा काका आणि लोकगीतांचे दोन आजोबा शेजारी बसले आहेत. अमेरिकेत ते गाणं एकोणचाळिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. डिलनला पहिल्या चाळिसात घेऊन जाणारं ते पहिलंच गाणं. संपूर्ण तबकडी अमेरिकेत सहाव्या आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

तबकडीचं वेष्टण हाही एक ऐवज आहे. डॅनियल क्रेमरने वुडस्टॉकला ग्रॉसमनच्या घरी घेतलेलं हे छायाचित्र. मध्ये मांजर घेऊन बसलेला डिलन, मागे लाल पोशाखात ग्रॉसमनची पत्नी सॅली, आणि भोवती पसरलेल्या तबकड्या. बारकाईने पाहिलं तर त्यांत रॉबर्ट जॉन्सनचे ब्लूज आहेत, लोटे लेन्या आहे, इम्प्रेशन्स आहेत आणि पंडित रविशंकरांची ‘इंडियाज मास्टर म्युझिशियन’ आहे. जॉर्ज हॅरिसनने सतार हाती घेण्याच्या आधीची ही गोष्ट.

मागच्या बाजूवर कवी अॅलन गिन्सबर्ग दिसतो. तो १९६२-६३मध्ये भारतात भटकला, मुंबईतही राहून गेला, आणि बंगालात नवनीदास बाऊल या वृद्ध गायकाला भेटला. त्या ओळखीचा धागा पुढे ग्रॉसमनपर्यंत पोहोचला. नवनीदासांचे पुत्र पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे बाऊल १९६७ साली वुडस्टॉकला गेले, आणि त्याच वर्षाअखेर आलेल्या ‘जॉन वेस्ली हार्डिंग’च्या वेष्टणावर डिलनच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. भारतीय लोकसंगीत डिलनच्या गाण्यात शिरलं असं म्हणता येणार नाही, पण त्याच्या अंगणात ते येऊन गेलं.

तबकडी दुकानांत यायच्या आतच तिच्यातलं एक गाणं लॉस एंजेलिसला पळून गेलं होतं. ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’चं १९६४मधलं एक कच्चं ध्वनिमुद्रण जिम डिकसनच्या हाती लागलं. तो बर्ड्‌स नावाच्या नवख्या बँडचा व्यवस्थापक. बँडमधला मॅग्विन मूळचा लोकगीतवाला. ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर गिटार पाहून त्याने तशीच आणली होती. २० जानेवारीला, म्हणजे डिलनचं काम संपल्यावर पाचच दिवसांनी, हॉलिवूडमध्ये बर्ड्‌सनी ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. कंपनीचा बँडवर एवढा भरवसा की मॅग्विन सोडून कुणालाही वाद्य वाजवू दिलं नाही. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल असे पट्टीचे स्टुडिओवाले बसवले. बँडच्या पोरांनी फक्त गायचं. चार कडव्यांतलं एकच ठेवलं, सुरुवातीला बाखची आठवण करून देणारा तो किणकिणता तुकडा जोडला आणि साडेपाच मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांवर आणलं. जूनच्या अखेरीस ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच महिन्यात ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने या नव्या प्रकाराला ‘फोक रॉक’ म्हटलं आणि नाव पक्कं झालं.

डिलनच्या शब्दांची एवढी काटछाट झालेली पाहून कुणाला वाईट वाटेल. पण बर्ड्‌सच्या त्या तुकड्यामुळेच लाखो पोरांनी मूळ गाणं शोधून ऐकलं.

मग उजाडला १५ जून १९६५. या एका दिवसावर स्वतंत्र पुस्तक निघू शकेल. ‘स्टुडिओ ए’मध्ये डिलन ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ गाऊन पाहत होता, तेही वॉल्ट्‌झच्या तीन मात्रांच्या ठेक्यात. काही केल्या जमेना. त्याच दिवशी विल्सनने ड्रमर बॉबी ग्रेग, गिटारवाला अल गोर्गोनी आणि बासवाला माचो यांना हाताशी धरून एक दुसरी, पंधरा महिन्यांपूर्वीची फीत चालवली. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या दोन तरुणांनी एका साध्या गिटारवर गायलेलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. त्यांची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६४मध्ये आली आणि पडली. सायमन निराश होऊन इंग्लंडला निघून गेला, गारफंकल विद्यापीठात परतला. इकडे बॉस्टनच्या बाजूला रेडिओवर हे गाणं अधूनमधून मागितलं जातंय, अशी कुणकुण विल्सनच्या कानी आली होती. डिसेंबरातला फसलेला प्रयोग त्याने पुन्हा करायचं ठरवलं. सायमन-गारफंकलला विचारलं नाही, कळवलंही नाही.

मूळ गाण्याची लय कमीजास्त होत होती, त्यामुळे वादकांना गाणाऱ्यांच्या मागे मागे सरकावं लागलं. नीट ऐकलं तर एके ठिकाणी सगळा बँड क्षणभर मंदावून गाणाऱ्यांची वाट पाहतो, ते आजही कळतं. सायमनला युरोपात हा प्रकार ऐकायला मिळाला तेव्हा तो हबकला असं म्हणतात. मात्र १९६६च्या पहिल्याच आठवड्यात गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. मोडलेली जोडी लगबगीने पुन्हा एकत्र आली आणि तीन आठवड्यांत नवी तबकडी गाऊन मोकळी झाली. डिलनच्या तीन दिवसांत आणि सायमनच्या या अर्ध्या दिवसात वाजणारे हात बरेचसे तेच होते. फोक रॉकचा ‘ध्वनी’ म्हणून समीक्षक ज्याची चर्चा करतात, तो पुष्कळ अंशी न्यूयॉर्कमधल्या चार-पाच रोजंदारी वादकांच्या सवयींचा ध्वनी आहे.

दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ चार मात्रांवर आलं आणि जमलं. विल्सनने बघायला बोलावलेला अल कूपर नावाचा एकवीस वर्षांचा गिटारवाला गुपचूप ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गन त्याला धड वाजवता येत नव्हता. म्हणून तो प्रत्येक सूर बाकीच्यांचा ऐकून मग दाबत होता, थोडा उशिरा. डिलनने तो ऑर्गन आणखी मोठा करायला सांगितलं. सहा मिनिटांहून लांब असलेलं हे गाणं २० जुलैला बाहेर पडलं आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

पाचच दिवसांनी, २५ जुलैला न्यूपोर्ट. डिलनने बँडसह तीन गाणी म्हटली आणि तो उतरला. हुर्यो झाली का? झाली. कशासाठी, यावर तिथे हजर असलेल्यांचं आजतागायत एकमत नाही. कुणाला वीज खुपली. कुणी ध्वनियंत्रणा इतकी वाईट होती की शब्दच कळेनात म्हणून ओरडत होतं. महोत्सवाचा मुख्य कलावंत पंधरा-वीस मिनिटांत निघाला म्हणूनही पुष्कळांचा पारा चढला. पीट सीगर कुऱ्हाडीने तारा तोडायला निघाले होते ही कथा फार रंगवली गेली, पण आपला राग कर्कश आवाजावर होता, शब्द ऐकू येत नव्हते यावर होता, असं सीगर नंतर सांगत. गंमत म्हणजे त्याच महोत्सवात पॉल बटरफिल्डचा ब्लूज बँड इलेक्ट्रिक वाद्यं घेऊन वाजवून गेला होता. त्यांची ओळख लोमॅक्स यांनी इतक्या तुच्छतेने करून दिली की ग्रॉसमन खवळला आणि दोघे भारदस्त गृहस्थ मंचामागे हातघाईवर आले. डिलनच्या पाठीशी उभे राहिलेले बरेचसे वादक याच बँडचे.

नाराजी विजेपेक्षा जुनी होती. नोव्हेंबर १९६४मध्ये, म्हणजे ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’चा एकही इलेक्ट्रिक सूर बाहेर पडायच्या आधी, ‘सिंग आउट’ या लोकसंगीताच्या नियतकालिकाच्या संपादकाने डिलनला जाहीर पत्र लिहून तक्रार केली होती की त्याची नवी गाणी आत्ममग्न झाली आहेत. निषेधाची, हक्कांची, युद्धविरोधी गाणी लिहिणारा कवी ‘मी’कडे वळला, हे खरं दुखणं. चळवळीला आपला प्रवक्ता हातून निसटताना दिसत होता. गिटार हे निमित्त झालं, कारण ती सर्वांना दिसत होती. न्यूपोर्टला वाजलेली ती फेंडर गिटार डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ९ लाख ६५ हजार डॉलरना गेली.

लोकगीत आणि वीज यांची ही गाठ पुढे ज्याने त्याने आपल्या पद्धतीने बांधली. इंग्लंडमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने १९६९च्या ‘लीज अँड लीफ’मध्ये थेट जुन्या इंग्रजी गाथागीतांना ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार लावली. १९८०मध्ये स्पेशल्स या बँडने ‘मॅगीज फार्म’ गायलं तेव्हा श्रोत्यांनी मॅगी म्हणजे मार्गारेट थॅचर असा अर्थ घेतला, म्हणजे १९२९चं कुळांचं गाणं तिसऱ्यांदा कामाला आलं. मुंबईत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अरुण कोलटकर इंग्रजीत गाणी लिहून ती गिटारच्या साथीने ध्वनिमुद्रित करण्याच्या खटपटीत होते. ती तबकडी निघाली नाही. गाण्यांचे शब्द त्यांच्या निधनानंतर ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या पुस्तकात आले.

विल्सनचं नाव मात्र या सगळ्यात मागे पडलं. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे त्याचं डिलनबरोबरचं शेवटचं काम. जुलैअखेर डिलन पुन्हा स्टुडिओत गेला तेव्हा काचेपलीकडे बॉब जॉन्स्टन बसला होता. १९६९मध्ये डिलनला याविषयी विचारलं गेलं तेव्हा त्याने सांगितलं ते इतकंच, की टॉम नेहमी असायचा आणि एके दिवशी मान वर करून पाहिलं तर तिथे बॉब होता. विल्सनने त्यावर कधी मोठा तमाशा केल्याचं दिसत नाही. तो एमजीएम कंपनीत गेला. तिथे त्याने फ्रँक झॅपाच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शनची ‘फ्रीक आउट!’ ही दुहेरी तबकडी १९६६ साली काढली, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडला करारबद्ध केलं आणि त्यांची ‘व्हाइट लाइट, व्हाइट हीट’ ही कानठळ्या बसवणारी दुसरी तबकडी तडीस नेली. १९७८ साली लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.